पिस्तुलाची पारख

हत्यार उघडल्याशिवाय त्याच्याबद्दल तोंड उघडू नये. फौजेत मला हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं, पुढं मी ते कित्येकांना शिकवलं, आणि एकदा, फक्त एकदा, मी स्वतः ते पाळलं नाही. त्या एकदाचं हे आहे. मोठेपणा सांगायला बसलेलो नाही, तेव्हा कुणी मध्ये मध्ये माझी समजूत काढू नये.

माझं नाव रंगराव. वाशीमला स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर माझं बंदूक दुरुस्तीचं दुकान आहे. लढाईत ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हत्यारं दुरुस्त करत होतो. हवालदार म्हणून सुटलो आणि सत्तेचाळीस साली इथं लायसन काढून बसलो. माझी गिऱ्हाइकं म्हणजे बहुतेक शेतकरी. डुकरं आणि रोही हाकलायला ठेवलेल्या त्यांच्या बंदुका गंजतात, अडतात, कधी कधी नळीत मुंग्या घर करतात. पिस्तूल माझ्या टेबलावर वर्षातून एखादंच यायचं. त्यामुळं ते आलं की मी जरा फुगायचो. ठासणीच्या बंदुका कोणीही लोहार ठोकून देतो, पण पिस्तूल पारखावं तर रंगरावानं, असं लोक म्हणायचे आणि मी म्हणू द्यायचो.

त्रेपन्न सालच्या चैत्रात, बाजाराच्या दिवशी, केनवडजवळच्या तांड्यावरची तीन माणसं दुकानात आली. गोमतीबाई आणि तिचे दोन मुलगे. थोरला मदनसिंग, तिशीचा, हिशेबी आणि घाईचा. धाकटा हेमसिंग, विशीतला, गप्प. गोमतीबाईचा नवरा दौलतसिंग तांड्याचा नाईक होता, तो गेल्या हिवाळ्यात वारला. जंगलखात्याच्या कुणा साहेबानं विलायतेला परत जाताना त्याला एक पिस्तूल देऊन टाकलं होतं, रीतसर लायसन करून. आता लायसनवाला गेला, म्हणजे पिस्तूल ठेवता येत नाही. कचेरीनं मदनला विकायला मुदत दिली होती. वाशीमचा कापसाचा व्यापारी फुलचंद घ्यायला तयार होता, पण त्याची अट एकच होती. रंगरावाची चिठ्ठी पाहिजे.

मदननं लाल फडकं सोडलं. आत छोटं, काळं, अंगानं भरलेलं पिस्तूल होतं. मी पाहताच ओळखलं. विलायतेतल्या ज्या कारखान्यानं हे काढलं त्यानं लढाईच्या आधीच ते बनवणं बंद केलं होतं.

"हे आता बनत नाही," मी म्हणालो.

"मंग भाव चढन का उतरन?" मदननं लगेच विचारलं.

प्रश्न बरोबर होता. बंद झालेल्या हत्याराचा भाव दोन्हीकडं ओढतो. नवं मिळत नाही म्हणून चढतो, आणि सुटा भाग मिळत नाही म्हणून उतरतो. मोटारीचा एखादा स्क्रू हरवला तर अकोल्याहून येईल, पण या पिस्तुलाचा एक भाग झिजला तर तो भाग जगात कुठंच नाही. म्हणून असल्या हत्याराची किंमत त्याच्या सगळ्यात बारक्या भागावर ठरते. पिस्तुलात घोडा मागं ओढला की त्याला अडवून धरणारा नखाएवढा एक दात असतो. चाप दाबला की दात सरकतो, घोडा पडतो आणि गोळी सुटते. तो दात शाबूत तर पिस्तूल साडेतीनशेचं. तो झिजला तर पिस्तूल कागदावर ठेवायचं वजन. नुसतं वजन असतं तरी बरं, झिजल्या दाताचं पिस्तूल धक्क्यानं आपोआप उडतं.

मी सगळं नीट पाहिलं. सांगाड्यावरचा, वरच्या झाकणावरचा आणि नळीवरचा नंबर एकच होता, म्हणजे कुणी जोडतोड केलेली नव्हती. काळा मुलामा फक्त मुठीजवळ उडाला होता. नळी उजेडाकडं धरली तर आतले आटे स्वच्छ होते. राहिला दात. तो पाहायचा तर दोन खिळे काढून पिस्तूल उघडावं लागतं. पाव तासाचं काम. पण दुकानात सहा माणसं खोळंबली होती, ऊन चढत होतं, आणि मला वाटत होतं की या लोकांनी माझा हात चालताना पाहावा, खिळे काढताना नव्हे. मी पिस्तूल कानाशी धरून हलवलं. काहीही वाजलं नाही. घोडा ओढला, जड लागला. चाप दाबला, घट्ट होता, दोनदा बोट दुखलं तेव्हा कुठं घोडा पडला.

"वापरलेलंच नाही हे," मी म्हणालो.

"बाबा लय वापरे," हेमसिंग पहिल्यांदाच बोलला. "सुरवातीले."

"तू मिस्तरी का मी?" मी त्याला गप्प केलं. पोरगं खाली मान घालून बसलं.

सगळ्या फटींतून लाल काहीतरी भरलेलं मला दिसत होतं. मी नखानं खरवडलं. शेंदूर.

"दसऱ्याची पूजा हाये ते," गोमतीबाई म्हणाली. "सतरा दसरे. जवसाच्या तेलात शेंदूर कालवाचा अन् बोटानं सगया फटी भराच्या. फट कोरडी राह्यली त देवी कोपते. नाईक असतानी तेच भरे, हात थरथराले लागले तवापासून मी भरतो."

मी हसलो. खरंच हसलो. फौजेत तेलाचा एक थेंब जास्त झाला तर आम्हाला शिक्षा व्हायची, आणि इथं सतरा वर्षं पिस्तुलाला मारुती करून ठेवलं होतं.

"गिऱ्हाईक हा लाल रंग बघून किंमत पाडेल. घासलेटात दिवसभर बुडवून ठेवा, मग ब्रशानं घासा. आरशासारखं निघेल."

"देवीचा शेंदूर पुसाचा काय, भाऊ?"

"विकायचंय का पुजायचंय ते आधी ठरवा," मी म्हणालो, आणि मदन मोठ्यानं हसला. गोमतीबाईनं पदर तोंडाला लावला. हेमसिंग हसला नाही. पिस्तूल विकूच नये, आपण आपल्या नावावर लायसन काढावं, असं त्याचं म्हणणं होतं हे मला नंतर कळलं. मदनला त्या पैशात विहिरीवर इंजिन बसवायचं होतं.

मी चिठ्ठी लिहिली. माझं अक्षर चांगलं आहे, आणि लिहिताना मला चेव येतो. 'नंबर जुळतात. नळी साफ. चाप घट्ट. आतून उत्तम. हातातून निसटून पडलं तरी दगा देणार नाही. किंमत साडेतीनशेच्या खाली समजू नये.' खाली सही आणि दुकानाचा शिक्का. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, तसा मी उचलला टाक आणि लावला कागदाला. निसटून पडण्याचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. ते छान वाटलं म्हणून लिहिलं.

पाचव्या दिवशी बातमी आली. मदनसिंग गेला.

जे झालं ते असं. फुलचंद पिस्तूल पाहायला तांड्यावर येणार होता आणि त्याला एक गोळी उडवून दाखवायची होती. हेमसिंगनं आदल्या दिवशी पिस्तूल घासलेटात बुडवलं, सकाळी घासून पुसलं. बापाच्या डबीत काडतुसं उरली होती, त्यातलं एक भरून घोडा चढवून ठेवला. हात घासलेटानं ओले होते. पिस्तूल निसटलं, ओट्याच्या चिऱ्यावर आपटलं आणि उडालं. मदन समोर बाजेवर बसला होता. गोळी गळ्यात लागली. बैलगाडीतून रिसोडला नेताना वाटेतच तो संपला.

हे हेमसिंगचं सांगणं. पाहणारं दुसरं कुणी नव्हतं, गोमतीबाई आत भाकरी थापत होती. आणि दोनच दिवसांआधी दोघा भावांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. "बाबाचं हत्यार विकशीन त पाहून घेईन तुले," असं हेमसिंग म्हणाला ते अर्ध्या तांड्यानं ऐकलं होतं. पोलिसांना मदनच्या खिशात माझी चिठ्ठी सापडली. हातातून निसटून पडलं तरी दगा देणार नाही. आता कुणीही शहाणा माणूस काय म्हणेल? पिस्तूल पडून उडत नाही असं जाणकारानं शिक्क्यानिशी लिहून दिलंय, म्हणजे पोरानं चाप ओढला. हेमसिंगवर खुनाचा खटला उभा राहिला.

मला कळायला वेळ लागला नाही. बातमी आली त्याच दिवशी दुपारी दुकानात बसल्या बसल्या सगळं लख्ख दिसलं. जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर वाळला की दगड होतो, पुलाच्या लोखंडाला तोच फासतात. आतला दात कधीचाच झिजला होता, बापानं सुरुवातीला लय वापरलं होतं, पोरगं सांगत होतं. सतरा वर्षांच्या शेंदरानं ती झीज भरून काढली होती, घोडा जखडून ठेवला होता. म्हणून काही वाजलं नाही. म्हणून चाप घट्ट लागला. मी पारख केली ती शेंदराची. आणि तो शेंदूर धुवायला मीच सांगितलं.

आठ दिवसांनी गोमतीबाई आली. एका लेकाच्या तेराव्याचं आणि दुसऱ्याच्या वकिलाचं, दोन्ही एकाच वेळी तिच्या अंगावर पडलं होतं. तांडा तिच्याशी नीट बोलत नव्हता. मदनची बायको लेकरं घेऊन माहेरी गेली होती.

"भाऊ, माहा हेम खोटं नाई बोलत," ती म्हणाली. "पोहरादेवीची आन घेतली त्यानं माह्यापुढं. समदे म्हनतात त्यानंच मारलं. मी एकलीच म्हनतो, नाई. तुमी त पारखी हा. ते पडूनबी उडू शकते का?"

"उडू शकतं."

तिनं माझे पाय धरले. मी मागं सरलो.

"मंग चिठ्ठीत काहून तसं लिवलं?"

इथं सांगायचं होतं. बाई, मी ते उघडलंच नाही, तुझ्या शेंदरानं मला फसवलं आणि मी फसलो. एवढं बोलायला किती वेळ लागतो? पण तीन गिऱ्हाइकं बाकावर बसली होती. मी म्हणालो, "तेव्हा ते तसं होतं. कोर्टात मी सगळ्यांसमोर आपटून दाखवतो. घोडा पडेल. न्यायाधीश डोळ्यांनी बघतील."

माझा बेत सोपा होता. पिस्तूल कोर्टात हलेल, घोडा पडेल, पोरगं सुटेल. चिठ्ठीबद्दल कुणी विचारलं तर म्हणायचं, हत्यार आहे, नंतर बिघडलं असेल. सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही. शेंदराचं नाव मी तिच्यापुढं काढलं नाही.

आरोपीच्या वकिलानं मला साक्षीला बोलावलं. तारीख लागली ती थेट दसऱ्यानंतर दोन महिन्यांनी. जिल्ह्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात गोमतीबाई भिंतीला टेकून बसली होती. वाळली होती, पण त्या दिवशी तिच्या तोंडावर जरा तेज होतं.

"आज सुटन तो," ती म्हणाली. "मी देवीचं कराचं ते समदं केलं, भाऊ. दसऱ्याले ठान्यात गेली. हवालदाराच्या पाया पडली, म्हनलं नाईकाच्या हत्याराची पूजा कदी चुकली नाई, यंदा चुकली त माह्या लेकाचं काई खरं नाई. ठान्यातबी त्या दिवशी बंदुकाईची पूजा चालूच होती. त्यानं माह्यापुढं धरलं. मी बोटानं बोटानं भरलं. एकबी फट कोरडी नाई ठेवली."

म्हणजे धुतलेला घोडा तिनं परत जखडला होता.   तिला माझ्या तोंडाकडं बघून काही वाटलं असेल, कारण ती म्हणाली, "काहून, भाऊ? चुकलं का काई?"

तेवढ्यात शिपायानं माझं नाव पुकारलं.

शपथ झाली. पिस्तूल माझ्या हातात दिलं. ते परत भरल्या अंगाचं झालं होतं, फटीफटींत लाल. दोन महिन्यांत वाळून टणक. कोर्टात कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. दसऱ्याचा शेंदूर अजून टांग्याच्या चाकालाही होता, पिस्तुलाला असला तर काय नवल?

रिकामं आहे याची खात्री करून मी घोडा चढवला. पट्टेवाल्यानं लाकडी हातोडी आणली. मी पिस्तुलाच्या मुठीवर ठोका मारला. घोडा जागचा हलला नाही. दुसरा मारला. तिसरा इतक्या जोरानं मारला की शाईची दौत उडाली. घोडा तसाच उभा.

आरोपीच्या पिंजऱ्यातून हेमसिंग ओरडला, "मिस्तरी, जोरानं मारा ना! तुमी हळू मारून राह्यले!"

शिपायानं त्याला दटावलं. मी आणखी दोनदा मारलं. दाराशी जमिनीवर गोमतीबाई बसली होती. ती माझ्याकडं बघत नव्हती. ती हेमसिंगकडं बघत होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते मी आधी पाहिलं नव्हतं.

न्यायाधीश म्हातारे, शांत गृहस्थ होते. त्यांनी माझी चिठ्ठी उचलली. तिच्या एका कोपऱ्यावर तपकिरी डाग होता.

"हे अक्षर तुमचं?"

"होय, साहेब."

"यात लिहिलंय, हातातून निसटून पडलं तरी दगा देणार नाही. आत्ता तुम्ही आमच्यासमोर पाच वेळा ठोकून पाहिलंत. तर मग तुमची पारख बरोबर होती असं समजायचं?"

पुन्हा एकदा वेळ आली होती. साहेब, हा शेंदूर आहे. घासलेट मागवा, दिवसभर बुडवा, मग ठोका. मी त्या दिवशी उघडलं नव्हतं. चार वाक्यं. माझ्या घशाशी आली होती, हे देवाशपथ सांगतो. आणि त्याच वेळी मला सरकारी वकील दिसत होता, हात मागं बांधून, वाटच बघत. तो विचारणार, म्हणजे न उघडता सही केलीत? किती जणांना अशा चिठ्ठ्या दिल्यात? लायसन दर वर्षी कचेरीतून नवं होतं, आणि बाकावर वाशीमची दहा तरी ओळखीची माणसं होती. पण खरं सांगू? लायसन जाईल ही भीती नंतरची. आधी मनात आलं ते वेगळंच. न्यायाधीश सगळ्यांसमोर म्हणत होते की रंगरावाची पारख बरोबर होती, आणि ते ऐकायला मला बरं वाटलं. आणि तोंडातून शब्द गेला.

"होय, साहेब."

आरोपीचा वकील कपाळाला हात लावून बसला.  हेमसिंगला जन्मठेप झाली आणि नागपूरच्या जेलात नेलं. पिस्तूल सरकारजमा झालं.

त्यानंतर मी स्वतःला जे जे सांगितलं ते सांगून कुणाचा वेळ घालवत नाही. एकच सांगतो, कारण ते मला बरेच दिवस पुरलं. मी खरं बोललो तर त्या बाईला कळेल की तिच्याच बोटांनी तिनं आपल्या लेकाची सुटका बुजवली. हे कळून ती जगेल का? मी तिच्यासाठी गप्प आहे. ही सबब फार सोयीची होती. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, मी तर दांडाही नव्हतो, मी नुसता कुऱ्हाडीला धार लावणारा.

शिमग्याच्या सुमारास गोमतीबाई दुकानात आली. मला वाटलं शिव्या देईल. मी तयार होतो, देती तर बरं झालं असतं. ती बाकावर बसली, पाणी प्याली, आणि म्हणाली, "भाऊ, तुमचे उपकार हायेत."

"कशाचे?"

"तुमी नसते त मी मरेपर्यंत त्याच्यासाठी रडली असती. समदा तांडा सांगून राह्यला होता, मी कोनाचं ऐकलं नाई. म्हनलं माहा हेम खोटं नाई बोलत. मंग तुमी माह्या डोयापुढं पाच डाव ठोकलं. पडूनबी नाई उडत ते. तुमी त त्याले सोडवाले आल्ते, तरीबी खरं तेच बोलले. देवीची खोटी आन घेतली त्यानं. भावाले मारलं ते मारलं, अन् मले खोटं बोलला."

मी हातातली पकड टेबलावर ठेवली. परत उचलली.

"त्याले एक चिठ्ठी लिवून द्या," ती म्हणाली. "तुमचं अक्षर चांगलं हाये."

मी कागद घेतला. ती बोलत गेली, मी लिहीत गेलो. 'हेमसिंगास. मिस्तरीनं समद्याईसमोर पारख केली. मले आता समजलं. तुह्या बापाचं नाव तू बुडवलं. मले भेटाले बोलावू नोको, मी येनार नाई. तुले माय नाई असं समज. काई सांगाचं असन त सांग, नाईत गप बस.' तिनं वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. तिनं अंगठा उठवला.

ती चिठ्ठी मी पोस्टात टाकली नाही. टाकायला दोनदा गेलो, पेटीपर्यंत. नाही टाकवली. त्या पोरापर्यंत माझ्या हातचं आणखी एक खोटं जाऊ नये असं वाटलं, आणि त्या वेळी मला ते चांगलं काम वाटलं. चिठ्ठी टेबलाच्या खणात आहे, अजून.

तिला मी सांगितलं की पाठवली.

उन्हाळ्यात ती आली. "काई उत्तर?" नाही म्हटलं. आषाढात आली, भर चिखलात, केनवडहून. उत्तर नव्हतं. कुठून असणार? ती बाकावर टेकली. मग म्हणाली, "मी मनात म्हनत होती, येखादे वेळी लिवन. माय, मी नाई मारलं, येवढं जरी लिवलं असतं, त मी उठून नागपूरले गेली असती. पारखबिरख चुलीत गेली असती." तिनं डोळे पुसले. "नाई लिवलं. तोंड नाई त्याले. मंग खरंच हाये ते."

मी तिला थांबवलं नाही. खण माझ्या गुडघ्याला लागत होता. मला रडू आलं, पण ते तिच्यासमोर आणायची हिंमत झाली नाही, कारण ती विचारणार, तुमी कायले रडता?

यंदाच्या दसऱ्याला सकाळीच ती दारात उभी होती. हातात वाटी, वाटीत जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर. हेमसिंग आता जेलात तरुणपण घालवतो आहे. त्याला वाटत असेल, माय एकदाही आली नाही, म्हणजे तिनंही मानलं.

"नाईकाचं हत्यार त सरकारनं नेलं," ती म्हणाली. "सतरा अठरा वर्साचा नेम हाये, भाऊ. तुमच्याकडल्या येखाद्या हत्याराची पूजा करू देता का? तुमच्यासारख्या खऱ्या मानसाच्या दुकानात केली त देवीले पोचन."

टेबलावर धनजच्या एका शेतकऱ्याची बंदूक होती, कालच उघडून, धुऊन, तेल देऊन ठेवलेली. आता मी प्रत्येक हत्यार उघडतो. नुसती चिठ्ठी मागितली तरी उघडतो. मी ती बंदूक उचलली आणि तिच्यापुढं धरली.

ती खाली बसली, बोट वाटीत बुडवलं आणि भरायला लागली. सावकाश, एकेक फट बघून. बंदूक जरा कलली. "नीट धरा, भाऊ," ती म्हणाली. मी नीट धरली. तिनं एकही फट कोरडी ठेवली नाही.